थोरल्यांची चाल

दर रविवारी मी आणि नवरा शहराच्या टोकाच्या इलेक्ट्रॉनिक सिटीहून बसनं जुन्या वस्तीत, चामराजपेटला, माझ्या थोरल्या दिरांकडे जायचो. जेवणं झाली की टाइलचा खेळ निघायचा. तो मीच विकत आणला होता. जाड पुठ्ठ्याच्या चौकोनी टाइल, कशावर रस्ता, कशावर तटाचा तुकडा. एका बाजूला दीर-जाऊ, दुसऱ्या बाजूला आम्ही. पिशवीत हात घालून एक काढायची आणि रस्त्याला रस्ता, तटाला तट जुळेल अशी मांडायची. तट चहूबाजूंनी बंद झाला की किल्ला त्या जोडप्याचा.

त्या घरात मात्र एक जादा नियम होता. थोरल्याला मांडलेली टाइल परत उचलता यायची. दीर हरू लागले की आधी टेबलावर मूठ आपटायचे, मग पेला भिंतीवर जायचा, मग टाइल परत उचलली जायची. सगळे म्हणायचे, "उचला, उचला." जाऊबाईंना मी अक्का म्हणायचे. त्यांच्या दंडावर कधी हिरवे, कधी काळे वळ असत. मी विचारलं तर म्हणाल्या, "कपाट लागलं गं. तू खेळ."

दिरांचे माझ्यावर उपकार होते. मी तालुक्याच्या शाळेत शिकलेली, घरातली पहिली पदवीधर. या शहरात पहिल्या मुलाखतीला त्यांनीच मला स्कूटरवरून नेलं आणि माझं होईपर्यंत उन्हात फाटकाशी उभे राहिले. ते मी आजही विसरलेले नाही.

त्या रविवारी दिरांनी घाईत टाइल मांडली आणि लगेच मी माझी लावून त्यांचा किल्ला पुरा व्हायची वाट अडवली.

"थांब, मी माझी उचलतो," दीर म्हणाले.

अक्कांनी त्या टाइलवर पंजा ठेवला. "राहू द्या. एकदा तरी हरा."

"वैनी आज रणचंडी!" माझा नवरा हसला.

"हात काढ."

"नाही काढत."

दिरांनी पाण्याचा पितळी तांब्या उचलून त्या पंजावर मारला. बोट मोडल्याचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. तो मोठा नसतो. अक्का ओरडल्या तसे दिरांनी त्यांचे केस धरून डोकं टेबलावर आपटलं. टेबल उलटलं. नवरा मधे पडला, त्याच्या तोंडावर कोपर बसलं, ओठ फाटला. मी खुर्ची उचलून दिरांच्या छातीला लावली आणि जीव खाऊन ढकलत त्यांना भिंतीपर्यंत नेलं.

मग ते एकदम थांबले. धापा टाकत खाली बसले आणि टाइल गोळा करू लागले. "सरी, सरी, ठीक आहे. स्वल्प, जरा जोरात लागलं. चला, परत मांडू."

आणि माझा नवरा, हनुवटीवरून रक्त गळत असताना, वाकून टाइल वेचू लागला. माझ्याही हातात एक टाइल आली होती. आम्हाला सवयच तशी लागली होती.

अक्का भिंतीला धरून उठल्या. सुजणारा हात छातीशी धरून मला म्हणाल्या, "तुमच्या घरात आणखी एक माणूस मावेल का गं?"

दिरांनी माझ्याकडे पाहिलं. "तू सांग तिला. तुला तरी मी..." मला ते फाटक आठवलं, ते ऊन आठवलं.

"मावेल, अक्का. आधी हॉस्पिटल, मग घरी. चला."

हातातली टाइल मी खाली टाकली. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, आपल्याही टाकल्या आणि ऑटो आणायला धावला.

आम्ही बसलो तेवढ्यात दीर अनवाणी बाहेर आले आणि ऑटोचा लोखंडी दांडा त्यांनी घट्ट धरला. "उतर. मारलं ते मारलं, आता परत घेतो म्हणतोय ना!" त्यांनी ऑटोला लाथ घातली, पत्रा वाजला, ड्रायव्हर कन्नडमध्ये ओरडला.

अक्कांनी चांगल्या हातानं दांड्यावरची दिरांची बोटं एकेक करून सोडवली आणि ड्रायव्हरला निघायला सांगितलं.