गोपालचं नेट गेलं होतं

चंद्रभान गावंडे एकतीस वर्षं अकोल्याच्या एका सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होते, आणि एकतीस वर्षं त्यांनी पगार घेऊन खोटं सांगितलं. साहेब आत चहा पीत बसलेले असायचे आणि चंद्रभान फोनवर म्हणायचे, साहेब मीटिंगमध्ये आहेत. डोळ्यांनी जन्मापासून दिसत नसलं तरी कपबशी वाजली की साहेब कुठे आहेत ते त्यांना कळायचं. समोरचा गरीब माणूस "बरं" म्हणून फोन ठेवायचा. निवृत्त झाल्यावर ते "बरं" त्यांच्या मनातून जाईना.

जठारपेठेतल्या घरी त्यांनी एक जुना कॉम्प्युटर मांडला. मोबाइलवरची चकाचक ॲपं त्यांना मानवली नाहीत, कारण बोट कुठे पडलं ते कळत नाही आणि दर दोन महिन्यांनी मेली बटणं जागा बदलतात. मग त्यांना एक साधा प्रोग्रॅम सापडला. चित्र नाही, बटण नाही, नुसती काळी खिडकी. कीबोर्डवर 'कॉल गोपाल' टाइप करून एंटर मारला की इंटरनेटवरून थेट अमरावतीला गोपालच्या घरी घंटा वाजायची आणि कॉल करणाऱ्याचं नाव ऐकू यायचं. खिडकीत जी ओळ उमटेल ती कॉम्प्युटर मोठ्यानं वाचायचा. पलीकडचं मशीन बंद असलं किंवा नेट गेलेलं असलं तर अनअव्हेलेबल, तो कुणाशी बोलत असला तर बिझी, आणि त्यानं स्वतःच्या हातानं कॉल नाकारला तर डिक्लाइन्ड. या तिसऱ्या शब्दावर चंद्रभान भलतेच खूश होते. आपल्याला असं मशीन कचेरीत मिळालं असतं तर साहेबांची चांगलीच जिरली असती, असं ते बायकोला, विमलबाईंना, सांगत.

गोपाल अंधशाळेतला जिवाभावाचा दोस्त. पन्नास वर्षांची सोबत. त्यालाही हा प्रोग्रॅम चंद्रभानांनीच शिकवला आणि शिकवता शिकवता त्यांचे बारा धडे तयार झाले. रोज संध्याकाळी सातला चंद्रभान बोलायचे, तिकडे गोपाल टाइप करून घ्यायचा. पहिल्याच धड्यात कंडक्टर होता. एसटीत आपण कंडक्टरला लांबण लावतो का? "परतवाडा दोन" म्हणतो आणि मोकळे होतो. कमांडही तशीच द्यायची, आधी काम आणि मग कोणासाठी ते.

तेवढ्यात अमरावतीच्या एका संस्थेनं अंध लोकांसाठी हेल्पलाइन काढायचं ठरवलं. घरी बसूनच याच प्रोग्रॅमवर फोन घ्यायचे आणि अडलेल्याला मार्ग दाखवायचा. चंद्रभानांना वाटलं, देवानं आपल्यासाठीच हे ठेवलं होतं. मरण्याआधी चार वर्षं तरी फोनवर खरं बोलायला मिळेल. गोपालनं शब्द दिला, "गेलो तं दोघंई जाऊ, नाई तं कोनीच नाई." धडे आणि दोघांच्या नावाचा अर्ज संस्थेत नेऊन द्यायचं कामही त्यानंच अंगावर घेतलं.

अर्ज गेला त्या आठवड्यात सातचा कॉल लागला नाही. कॉम्प्युटर म्हणाला, डिक्लाइन्ड. चंद्रभानांनी मनाची समजूत घातली, चुकून कळ दाबली गेली असेल. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी गोपालनं स्वतःहून कॉल केला आणि नेट गेलं होतं म्हणाला. संस्थेचं अजून काही कळलं नाही म्हणाला. चंद्रभान "बरं" म्हणाले. मग पंधरा दिवस पुन्हा डिक्लाइन्ड, आणि मधून एकदा गोपालचा कॉल, पुन्हा नेट गेल्याचा. मशीन खोटं बोलत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, तरी त्यांनी मशीनवर संशय घेतला. प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकला. दोस्तावर संशय घ्यायची त्यांची छातीच होईना.

मग परतवाड्याहून गीतांजलीचा फोन आला. ही पोरगी त्यांच्याकडेच कॉम्प्युटर शिकलेली. हेल्पलाइन सुरू झाली, असं ती आनंदानं सांगू लागली. गोपालसर एकटेच सांभाळतात, पण काय छान सांगतात.

"त्यायनं कंडक्टरचं सांगतलं काका. परतवाडा दोन. मी तं हासूनच राहिली. धडे त्यायनंच बनवले म्हने."

 त्या दिवशी चंद्रभान जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी प्रोग्रॅममध्ये स्वतःचं नाव बदलून पंजाबराव, रिद्धपूर असं टाकलं. मेल्याला माझं नाव ऐकून उचलायचं नसेल तर नको, असं पुटपुटत त्यांनी हेल्पलाइनला कॉल लावला. दुसऱ्या घंटेला गोपालनं उचलला.

"नमस्कार पंजाबराव, बोला. काय मदत करू?"

"मले एक सांगा," चंद्रभान म्हणाले. आवाज त्यांनी मुळीच बदलला नाही. "समोरच्यानं मुद्दाम फोन कापला का त्याचं नेट गेलं, हे कसं ओयखाव?"

 गोपालचा श्वास हेडफोनमध्ये स्वच्छ येत होता. त्यानं ओळखलं होतं. पन्नास वर्षं ज्यानं फक्त आवाजावरूनच माणसं ओळखली, त्याला हा आवाज ओळखायला कितीसा वेळ लागणार. आता तो रडेल, माफी मागेल, निदान शिवी तरी देईल, असं चंद्रभानांना वाटलं. यातलं काहीही त्यांना चाललं असतं.

"ते काई समजत नाई, पंजाबराव," गोपाल गोड आवाजात म्हणाला. "नेटच गेलं असंन."

"समजते, गोपाल. मीनंच तुले शिकवलं."

"आनखी काई मदत पायजे का, पंजाबराव?"

 चंद्रभानांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. आतून गोपाल विचारतच होता, पंजाबराव, ऐकू येऊन राहिलं का.