घाबरल्यावर माझा हात कुठे गेला

मंडळी, दुपारपासून माझा उजव्या हातावर भरवसा उरलेला नाही. डाव्या हाताने टाइप करतोय, चुका पोटात घाला.

दगडांवर चढवतात ती बिनसीटची ट्रायल्स बाइक घ्यायचीय. आज कडोदऱ्याला जुनी बघायला गेलो. दोन होत्या, १२५ सीसी आणि ३०० सीसी. मालक म्हणाला, "भाई, छोटी मत लो, दो महिने में बोर हो जाओगे." मला पटलं.

पडलो तर गाडीतून निसटून इंजिन बंद करणारी दोरी त्याने माझ्या मनगटाला बांधली. मला हसू आलं.

३०० वर उभा राहून क्लच सोडला आणि पुढचं चाक एकदम उचललं गेलं. बारा वर्षं पॉवरलूम चालवतोय मी. काही बिघडलं की हँडल स्वतःकडे ओढायचं, लूम बंद! घाबरून हाताने तेच केलं. इथे मात्र उजवी मूठ स्वतःकडे ओढली की रेस वाढते. गाडी सरळ समोरच्या भिंतीकडे सुटली. मी मागे पडलो, दोरी गाडीतून निसटली, इंजिन थांबलं. भिंत हातभर लांब होती.

आता १२५च घेईन, तीही दोरीसकट. पण भीती जात नाही, कारण हाताने मला विचारलंच नाही. उद्या लूमवर हाच हात बरोबर ठरेल.

घाबरल्यावर तुमचा हात काय करतो, कधी पाहिलंय?