ताईची पिशवी

ताईची आणि माझी ओळख भांडणातून झाली. माझ्या हॉटेलच्या युनिफॉर्मचा कोट लाँड्रीत जळाला होता आणि मी काउंटरवर तावातावाने इथल्या भाषेत बोलत होते. मागच्या वाफेतून एक बाई पुढे आली आणि सरळ मराठीत म्हणाली, "अगं, हळू. इस्त्री माझी नव्हती, पण रफू मी करून देते." परमुलखात असं कुणी 'अगं' म्हटलं की राग टिकतो होय? रफू कुठे केलंय ते मला आजही सापडत नाही.

तिचा नवरा क्रेन चालवायचा. त्याच्या कंपनीने नवरा-बायको दोघांचा विमा काढला होता. परदेशात त्या विम्याच्या कार्डाची काय किंमत असते, ते ज्याच्याकडे नाही त्याला विचारा. ताईच्या सख्ख्या बहिणीकडे, धाकटीकडे, ते नव्हतं. ती एका म्हाताऱ्या बाईंची सेवा करायला त्यांच्याच घरी राहायची, आणि मालकीण "पुढच्या महिन्यात काढू हं तुझा विमा" म्हणत तिला झुलवत होती. मेली! धाकटीचा नवरा गेलेला, दोन मुलं तिकडे गावी आजीजवळ, तिच्या पगारावर शिकत होती.

धाकटीला गर्भपिशवीत गाठी झाल्या. रक्त थांबेना. पिशवी काढावी लागेल म्हणाले, तेव्हा ताईने पर्समधून आपलं कार्ड काढलं आणि तिच्या हातात ठेवलं. बहिणीची साडी नेसतो, चप्पल घालतो, तसंच कार्ड. त्यात काही चुकतंय असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही. चेहरे इतके सारखे, की आईसुद्धा एकीला हाक मारून दुसरीला रागवायची. वॉर्डात नर्सने ताईच्या नावाने पुकारलं की दोघी एकदम "हो" म्हणायच्या, आणि मी ताईला चिमटा काढायचे. हसून हसून पुरेवाट झाली होती. धाकटी बरी झाली, कामाला लागली, आणि आम्ही ते सगळं विसरून गेलो.

मग पाळी कधीच बंद झालेली असताना ताईच्या अंगावरून जायला लागलं. तिने बरेच दिवस अंगावर काढलं. शेवटी मी तिला ओढत नेलं. डॉक्टरणीने तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला, पिशवीचाच. "लगेच काढली तर वाचतील," डॉक्टरीण म्हणाली आणि तिने विमा कंपनीकडे मंजुरी मागितली.

उत्तर आलं. या सभासदाची पिशवी आधीच काढलेली आहे, सबब मंजुरी देता येत नाही.

मला आधी हसूच फुटलं. मग धाकटीचं ऑपरेशन आठवलं.

"त्यांची काहीतरी चूक असेल, जाऊन सांगा," डॉक्टरीण म्हणाली. काय सांगा? पदरचे पैसे घालून इथे ऑपरेशन करायचं तर दोघांचं सगळं विकूनही भागलं नसतं, आणि तिकडच्या सरकारी दवाखान्यात नंबर लागेपर्यंत आजार थोडाच थांबणार होता!

धाकटी धावत आली. "मी सांगते, कार्ड मी चोरलं. ताईला पत्ताच नव्हता. मला आत टाकतील, मग हाकलून देतील, देऊ देत. पण तुझं ऑपरेशन तर होईल." ताई शेंगा निवडत राहिली. ताईचा नवरा खाली मान घालून बसला. बायको हवी होती, पण तोंड उघडायची हिंमत नव्हती. असा संताप आला मला त्याचा! शेंगा संपल्यावर ताई म्हणाली, "बरं, जाऊ."

विमा कंपनीत काचेची केबिन होती. अधिकारी सभ्य होता, त्याने पाणी दिलं. भाषा मलाच येत होती, म्हणून धाकटी बोलली तसं मी सांगत गेले. त्याचा चेहरा कडक होत गेला. त्याने फोनकडे हात नेला.

"हिचं डोकं फिरलंय," ताई एकदम म्हणाली. "ऑपरेशन माझंच झालं होतं. सांग त्याला."

"ताई!"

"डॉक्टरणीचा घोळ झाला, दुसऱ्या कुणाचा रिपोर्ट माझ्या नावावर आला. मला अर्ज मागे घ्यायचाय. सांग."

"खोटं बोलतेय ही! माझं पोट बघा म्हणावं!" धाकटी कुर्ता वर करायला लागली. ताईने तिचा हात धरून खाली दाबला आणि माझ्याकडे वळली.

"हिला आत टाकलं तर मुलांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं? मला मूल नाही. ह्यांना स्वतःचा डबा करता येतो. माझ्या पोटाचं मी ठरवीन. सांग ना गं."

"नक्की काय म्हणतायत या?" अधिकाऱ्याने मला विचारलं.

त्याला, मालकिणीला, क्रेनवाल्याला, मनातल्या मनात मी सगळ्यांना शिव्या घातल्या. आणि ताईने सांगितलं तेच सांगितलं. धाकटी तोंडात ओढणी कोंबून रडत होती.

अधिकाऱ्याचा जीव भांड्यात पडला. त्याचं काम वाचलं. त्याने फोनवरून हात काढला आणि हसून काहीतरी बोलला.

"काय म्हणाला?" ताईने विचारलं.

"म्हणाला, पिशवी काढलेली असली तरी वर्षातून एक तपासणी फुकट आहे. जरूर करून घ्या."

"थँक्यू," ताई त्याला म्हणाली, आणि धाकटीची ओढणी नीट करायला लागली.