एकट्याच काय?

"लागलंय नव्हं?"

कुलूप लावून झालं, की आक्का ते तीनदा ओढून बघायच्या आणि मग शेजारी जो कुणी उभा असेल त्याला हे विचारायच्या. त्यानं "लागलंय" म्हटल्याशिवाय त्यांचं पाऊल पुढं पडत नसे. स्वतःच्या हातानं लावलेल्या कुलपावर बाईंचा विश्वास नव्हता, पण वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसाच्या शब्दावर होता. शिरोलीतल्या आमच्या फौंड्रीत डिस्पॅचचं ऑफिस त्या सांभाळायच्या आणि मी त्याच खात्यात सुपरवायझर होतो. त्यामुळं रोज संध्याकाळी "लागलंय" म्हणायची नोकरी मी बिनपगारी केली. एकदा एका ट्रकड्रायव्हरनं गंमत म्हणून "न्हाई लागलं" म्हटलं, तर बाई पायरीवर मटकन खालीच बसल्या.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कुकरची दुसरी शिट्टी झाली की स्वयंपाकघरातून बाहेर येणारी, सरकत्या जिन्यासमोर उभी राहून देवाचं नाव घेणारी. आक्का त्या जमातीच्या पुढारी शोभल्या असत्या, पण पुढारी व्हायलाही त्या भ्यायल्या असत्या. लग्न झालं नाही. आईला सांभाळत दोन खोल्यांच्या घरात राहिल्या. रात्री टीव्हीवर फक्त जनावरांचे कार्यक्रम बघायच्या, कारण मालिकांची भीती वाटायची. त्यांचं म्हणणं असं, की वाघ भूक लागली तरच मारतो. मालिकेतल्या बायकांचं काही सांगता येत नाही.

आई गेली आणि त्यांचा धाकटा भाऊ कबनूरहून आला. त्याचे तिथं यंत्रमाग होते. अंगानं धिप्पाड, आवाज मागाच्या खडखडाटात वाढलेला. कानात कुजबुजला तरी गल्लीला ऐकू जायचं. दिवसकार्य आटोपल्यावर चार पाहुण्यांत त्यानं जाहीर करून टाकलं, की आक्का भित्री हाय, तिला एकटीला ऱ्हायला झेपणार न्हाई, ती आता कबनूरला माझ्याकडं येणार. भावाची माया बघून पाहुण्यांचे डोळे भरून आले. त्याच्या सुनेचं बाळंतपण तोंडावर आलं होतं, बायकोची कंबर धरली होती आणि स्वयंपाकाची बाई काम सोडून गेली होती, हा आपला निव्वळ योगायोग.

आक्का एवढंच म्हणाल्या, की मी इथंच राहीन. तसा भाऊ खो-खो हसला. "एकटी गणपतीपुळ्याला तरी जाऊन दाव, मग ऱ्हा जन्मभर एकटी." पाहुणेही हसले. आक्का कोपऱ्यावरच्या दुकानात जातानासुद्धा शेजारणीला हाक मारतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पण शब्द तर सुटला होता, तोही चौघांत. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आक्कांनी मला हे सांगितलं. मी म्हटलं, मग जाऊन या की गणपतीपुळ्याला, दोन दिवसांचा तर प्रश्न. त्या दचकल्याच. गणपतीपुळ्याला आपलीच माणसं भेटतात, त्या म्हणाल्या. कुणीतरी नात्यातलं, कुणीतरी ओळखीचं, आणि भेटेल तो पहिल्यांदा काय विचारतो? "एकट्याच काय?" त्याला काय उत्तर द्यायचं?

त्यांचं काही खोटं नव्हतं. आमच्या कोल्हापुरात माणूस एकटा दिसला, की आधी घरात भांडण झालं असं धरतात. आम्ही रंकाळ्यावर फिरायलासुद्धा चौघं जातो आणि सहलीला निघालो तर आचारी, पातेलं आणि मसाल्याचा डबा संगं असतो. एकटं जाणं हा इथं आजार आहे. तेव्हा ज्या गावी "एकट्याच काय" हे विचारणारं कुणी नसेल, अशा गावी जायचं, असं आक्कांनी ठरवलं. घाबरट माणसाचा हिशेब आपल्याला कळत नाही. गणपतीपुळ्याला भिऊन बाई बोर्निओला निघाल्या.

टीव्हीवर तिथली एक नदी त्यांनी कितीदा तरी पाहिली होती. दोन्ही काठांना जंगल, बोटीतून हिंडायचं आणि माकडं, मगरी, नशीब असेल तर हत्ती बघायचे. ही बातमी फौंड्रीत पसरली आणि आठवडाभर कुणी काम केलं नाही. ज्याला त्याला सल्ला सुचू लागला. शिरोळचा एक फिटर म्हणाला, "मगर बघाय इमानानं कशाला जाताय आक्का? आमच्याकडं पुरात या. ती आपणच परड्यात येती." दुसऱ्यानं मगर बोटीखालून कशी उलटवते, त्याचं हातवारे करून प्रात्यक्षिक दाखवलं. आक्का ते मन लावून बघत होत्या. तिकीट काढलं नसतं तर त्याच दिवशी बेत रद्द झाला असता.

सामानात दशम्या, खर्डा, तीन प्रकारचे बाम, एक शिट्टी आणि नायलॉनची दोरी होती. दोरी कशाला, असं मी विचारलं. वेळ पडली तर बोटीला बांधून घ्यायला, त्या म्हणाल्या. बोट बुडाली तर काय होईल, हे मी बोललो नाही. विमानतळावर मीच सोडायला गेलो. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना "मी जातो, मी येतो" असंच म्हणतात. आक्काही म्हणाल्या, "जातो मी." आणि पुढं जाण्याऐवजी तिथंच उभ्या राहिल्या. मागच्या माणसानं ट्रॉलीनं ढकललं तेव्हा आत गेल्या.

पुढचं सगळं मला त्यांनी नंतर सांगितलं, तेही एका बैठकीत नव्हे, तर डब्यातल्या भाजीसारखं थोडं थोडं.

मुक्कामाच्या ठिकाणी बोटीसाठी नारिंगी जाकीट देतात. आक्कांनी ते खोलीतच चढवलं आणि उतरवलंच नाही. जाकीट घालूनच नाश्त्याला गेल्या. तिथल्या गोऱ्या लोकांना वाटलं ही इथली कामाची बाई, आणि एकानं त्यांच्याकडं चहा मागितला. नाही म्हणायला बाई भ्याल्या. त्यांनी चहा आणून दिला. मग दुसऱ्या टेबलानं मागितला. तिसऱ्या टेबलापर्यंत त्या चांगल्या तरबेज झाल्या होत्या आणि कुणीतरी टीपही दिली. ती त्यांनी घेतली, कारण परत करायचं इंग्रजी येत नव्हतं.

संध्याकाळी बोटीत पहिलं पाऊल टाकलं. नदी श्रावणातल्या पंचगंगेसारखी गढूळ. कड धरून, डोळे मिटून आक्का कशाबशा बसल्या आणि मागून आवाज आला, "ताई, जरा सरका की."

इचलकरंजीच्या सूतव्यापाऱ्यांचा ग्रुप होता. दहा माणसं आणि भडंगाचं पोतं. समुद्र ओलांडून बाई जगाच्या पार टोकाला गेल्या आणि तिथं बोटीत कोण बसलेलं, तर कोल्हापूर जिल्हा. बसल्या बसल्या त्यांनी गाव विचारलं, भावकी विचारली, आणि मग तो प्रश्न आलाच. "एकट्याच काय?"

आक्का आणखी कडेला सरकल्या. पण आमची माणसं मायाळू. एकटी बाई दिसल्यावर तिला एकटी कशी राहू देतील? त्यांनी आक्कांना मधे घेतलं, हातात भडंग दिलं आणि आता काळजी करू नका म्हणून सांगितलं. लांब नाकाची माकडं झाडावर दिसली, तेव्हा त्यातल्या सगळ्यात मोठ्या नाकाला त्यांनी आपल्यातल्याच एकाचं नाव ठेवलं आणि हाका मारल्या. माकडं गेली. पक्षी गेले. नावाडी तोंडावर बोट ठेवून विनवत होता, तर त्यालाही मूठभर भडंग मिळालं. मग ग्रुपचा फोटो निघाला, नारिंगी जाकिटातल्या आक्का बरोबर मधोमध. फोटो काढणाऱ्यानं सहज विचारलं, कबनूरला भाऊ म्हणजे कोण? आक्कांनी नाव सांगितलं. "अहो, ते तर आमचं गिऱ्हाईक," तो आनंदानं म्हणाला आणि तिथल्या तिथं फोटो पाठवून दिला.

म्हणजे सगळं संपलं होतं. आक्का परतायच्या आधी कबनूरला पुरावा पोचला होता, की बाई एकटी नव्हती. आता उरलेले दिवस त्या ग्रुपबरोबर मजेत काढता आले असते. "उद्या आमच्याबरोबरच या," असं आमंत्रणही होतं. त्यात भीती नव्हती, भडंग होतं.

दुसऱ्या दिवशी पोट दुखतंय म्हणून आक्कांनी त्यांना टाळलं आणि मागच्या बाजूनं जाऊन दुसरी लहान बोट ठरवली. बोटीत फक्त त्या आणि नावाडी. हे त्यांनी का केलं, ते मला अजून नीट कळलेलं नाही. विचारलं तर म्हणायच्या, "एवढ्या लांब गेलतो न्हवं."

धुकं होतं. नावाड्यानं बोट एका अरुंद फाट्यात नेली आणि इंजिन बंद केलं. आक्कांनी नावाड्याला मराठीत विचारलं, काय होणार न्हाई नव्हं? तो हसून त्याच्या भाषेत काहीतरी बोलला. त्यांनी पुन्हा विचारलं. तो पुन्हा तेच बोलला, आता जरा हळू. तेव्हा बाईंच्या मनात आलं, की हा गडीही मला तेच विचारत असला तर? कुणीतरी उत्तर देणं भाग होतं. म्हणून त्या म्हणाल्या, "काय होत न्हाई." नावाड्यानं मान हलवली.

मग काठावरचं गवत हललं आणि हत्ती आले. आपल्याकडच्यापेक्षा बुटके, गोल तोंडाचे. एकामागून एक पाण्यात उतरले आणि बोटीसमोरून पोहत पलीकडं गेले. एक पिल्लू अख्खं बुडालेलं, नुसती सोंड वर. आक्कांनी फोटो काढला नाही. दोन्ही हातांनी बोटीची कड धरली होती, ती सोडणार कोण? एवढा कळप समोरून गेला आणि बाईंकडं त्याचा एक पुरावाही नाही.

"भ्या न्हाई वाटलं?" मी विचारलं.

"वाटलं की. लई वाटलं. पण सांगायला कोण न्हवतं. मग जरा वेळानं भ्याच कंटाळलं."

त्या परत आल्या त्याच रविवारी भाऊ टेम्पो घेऊन आला. आक्कांनी मलाही बोलावून ठेवलं होतं. भावानं खिशातून मोबाईल काढला आणि तो फोटो आधी मला, मग शेजारणीला, मग टेम्पोवाल्यालाही दाखवला. ही म्हणे एकटी गेलती. माझ्याच सूतवाल्यांच्यात बसून भडंग खातीया. टेम्पोवाला आपला मालक हसतोय म्हणून हसला.

आक्का दारात उभ्या होत्या. दोन्ही हातांनी चौकट धरली होती. त्या म्हणाल्या, की त्या दिवशी एकटी नव्हतो हे खरं. दुसऱ्या दिवशी होतो, त्याचा फोटो नाही.

"फोटो न्हाई म्हणं," भाऊ आम्हा सगळ्यांकडं बघून म्हणाला.

"नसू दे. तुला दावायला म्हणून गेलतो, पण बघून मी आलो. मी हितंच ऱ्हाणार. टेम्पो परत ने."

आक्कांनी भावाला जेवून जा म्हटलं, तो जेवलाही, दोनदा रस्सा मागून घेतला, आणि रिकामा टेम्पो घेऊन गेला. कबनूरला जाऊन त्यानं आक्काचं डोकं फिरलंय असं सांगितलं. पाहुण्यांनी ते लगेच मान्य केलं, कारण दुसरं कारण त्यांना सापडत नव्हतं.

आता तुम्हाला वाटेल, बाई धीट झाल्या. अजिबात नाही. उलट आणखी एक कुलूप आणलं. पाल दिसली की मला फोन यायचा. मी येऊ काय विचारलं, तर म्हणायच्या, नको, भ्या वाटाय लागलंय, सांगून ठेवलं फकस्त. आणि फोन ठेवून द्यायच्या. निवृत्त झाल्या, तरी त्या दोन खोल्यांत एकट्या राहिल्या. पुन्हा कुठं प्रवासाला गेल्या नाहीत. एकदा झालं तेवढं पुरे, म्हणायच्या.

गेल्या पावसाळ्यात ताप आला आणि चार दिवस दवाखान्यात राहून आक्का गेल्या. मला फार वाईट वाटलं. फौंड्रीतली माणसं आली, शिरोळचा तो फिटर लहान मुलासारखा रडला. भाऊही रडला, आणि ते रडणं खरं होतं.

त्यांच्या भावकीतल्या एका थोरल्या आत्यांनी सांगितलं, की दिवा जिथं आक्का राहिली तिथंच तेवला पाहिजे आणि दहाव्यापर्यंत दिव्यापाशी कुणीतरी राहिलं पाहिजे. भावाच्या पोरांना मागावरून सुट्टी नव्हती, म्हणून भाऊ राहिला. दुसऱ्याच दिवशी दिवेलागणीला मला त्याचा फोन आला. जरा येता काय, म्हणाला. मला वाटलं, काही सामान हवं असेल.

जाऊन बघतो तर हा धिप्पाड गडी बाहेर पायरीवर बसलेला, पायात चपला तशाच. आत सगळे दिवे लावलेले, टीव्ही मोठ्यानं चालू.

"काय झालं?" मी विचारलं.

तो रस्त्याकडं बघत म्हणाला, "आत एकट्याला कसंतरीच व्हतंय ओ. आजचा दिस सोबतीला ऱ्हावा की."

जिभेवर एक झणझणीत उत्तर आलं होतं. कोल्हापूरच्या माणसानं असं उत्तर वाया घालवू नये. पण आत पंखा जोरात सुरू होता आणि आक्कांचा दिवा विझायला आला होता. मी आत गेलो, पंखा बंद केला, दिव्यात तेल घातलं आणि बाहेर येऊन त्याच्या शेजारी बसलो. राहतो म्हणून सांगितलं. त्याचा जीव भांड्यात पडला.

मग हळू आवाजात, गल्लीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यानं विचारलं, "तिला हितं भ्या वाटत न्हवतं काय ओ?"

"रोज वाटायचं," मी म्हणालो.