तात्यांची केळी आणि रिकामी काडतुसं

सोलापूरचं स्थळ आलं, घरचं दुकान आहे म्हणाले, तेव्हा मला वाटलं चादरींचंच असणार. निघालं बंदुकीचं! आता सासरे, म्हणजे अण्णा, आणि मी काउंटरवर बसतो. गिऱ्हाईक कमी, चहा जास्त. अशा दुकानात मालापेक्षा किस्सेच जास्त साठतात, आणि ते खपवायला परवानाही लागत नाही.

*

पहिल्याच आठवड्यात अण्णांनी दोन डबे दाखवले आणि म्हणाले, जाड काडतुसांचा दे. एकावर बारा बोअर, दुसऱ्यावर सोळा. मी बी.कॉम. असल्यामुळे सोळाचा दिला. अण्णांनी कपाळाला हात लावला. इथं आकडा वाढला की नळी बारीक होते! छऱ्यांचंही तेच, आठ नंबरपेक्षा चार नंबर जाड.

"मग एक नंबर सगळ्यांत जाड?" मी विचारलं.

"नाही. त्याच्यापुढं इंग्रजी अक्षरं सुरू होतात."



*

काउंटरच्या काचेखाली अण्णांनी एक काडतूस उभं कापून ठेवलंय. बुडाला पितळ, त्यात ठिणगी पाडणारी टोपी, वर दारू, दारूवर प्लास्टिकचा पेला आणि पेल्यात छर्रे. दारूच्या जागी माझ्या मिसळणाच्या डब्यातली मोहरी आहे.

उजनीच्या काठावर आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाची, तात्यांची, केळीची बाग आहे. रानडुकरं घुसली की ते हवेत बार काढतात. त्यांनी काचेत वाकून पाहिलं आणि ते चिडलेच.

"अर्दं काडतूस प्लास्टिकच हाय की. ते काडा आन तितं छर्रे भरा."

अण्णांनी समजावलं. पेला नसला तर मागचा गॅस छऱ्यांमधून निसटतो, जोर राहत नाही. तात्यांना पटलं. पायरी उतरले, थांबले आणि परत आले.

"आण्णा, मी तर हवेत मारतो. मग मला छर्रे कशाला? नुसता पेलाच भरा."

अण्णांनी चहाची वेळ नसताना चहा मागवला.

*

नवी काडतुसं हवी असली की आधीची वापरली याचा पुरावा म्हणून आमच्याकडे जुन्यांची रिकामी टरफलं आणून दाखवायची. तात्यांनी पिशवी ओतली, तर काउंटरभर चिखलात माखलेले प्लास्टिकचे पेले! बागेत वाकून वाकून वेचले होते बिचाऱ्यांनी.

"बंदुकीतनं भायेर उडालं ते वापरलं," तात्या म्हणाले. "टरफल तर बंदुकीतच ऱ्हातंय. ते कसं वापरलं?"

मला ते पटलं. तसं मी बोललेही. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी लगेच काउंटरवरचा चिखल पुसायला घेतला.

टरफलं नाहीत तर काडतुसं नाहीत. तिकडे घड कापणीला आलेले, आणि डुकरं घुसली की रांगच्या रांग आडवी. तात्यांचं तोंड एवढंसं झालं. मला फार वाईट वाटलं. टरफलं कुठं पडली ते त्यांना आठवेना. घरी विचारतो म्हणाले आणि गेले.

*

परत आले ते रिकाम्या हातानं. टरफलं त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, केव्हाच गोळा केली होती आणि बागेभोवती तारेला टांगली होती. दारूच्या वासानं डुकरं बिचकतात, असं काकूंचं म्हणणं. आम्हाला दाखवायला तात्यांनी एका बाजूची काढली, तर त्याच बाजूनं डुकरं आत आली आणि रांग झोपवून गेली. तात्यांनी टरफलं मुकाट्यानं परत टांगली.

"टरफलं हितं आणली की डुकरं येत्यात," तात्या म्हणाले. "डुकरं आली की काडतुसं लागत्यात. आन काडतुसं पायजेत तर तुमी म्हणता टरफलं आना."

"मग तिथंच राहू द्या टांगलेली," अण्णा म्हणाले. "काडतुसं घेऊच नका."

"तसं कसं? वास उडत चाललाय."

अण्णांनी परत अवेळी चहा मागवला. तात्यांनी खिशातून परवाना काढला आणि काउंटरवर ठेवला.

"ही म्हणाली, भरलेली नगंत. रिकामीच घिऊन या."