रश्मीच्या वर्गातले स्कर्ट

अमरावतीला संजीवनीचा शिवणक्लास होता. घराच्या पुढच्या खोलीत पाच मशिनं, आणि दुपारभर बायकांचा नुसता कलकलाट. नवरा दिलीप जहाजावर मरीन इंजिनियर. त्याच्या कंपनीने सिंगापूरहून काम द्यायचं ठरवलं, तेव्हा क्लास बंद करून ती मुलीला, रश्मीला, घेऊन तिथल्या बिशान भागात राहायला आली. बरोबर एकच मशीन आणलं. दिलीप महिनोन्‌महिने समुद्रावर. रश्मी सकाळी शाळेत जायची ती संध्याकाळी यायची. नवव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये संजीवनी दिवसभर कुणाशी बोलायची, तर लिफ्टमध्ये भेटणाऱ्या शेजारणीशी. तेही हसण्यापुरतं.

रश्मी सेकंडरी थ्रीत, म्हणजे आपल्या नववीत, गेली आणि एक दिवस शाळेचा स्कर्ट हातात घेऊन आईसमोर उभी राहिली.

"आई, एवढा लांब कुणीच घालत नाही. सो आंटी, लाह! अगदी काकूबाई दिसते मी."

"मग कसा घालतात?"

रश्मीने फोनवर फोटो दाखवले. त्या वर्षी मुलींमध्ये गुडघ्याच्या वर जाणारा, बाजूने चिंचोळा स्कर्ट चालत होता. मोजे बुटांच्या आत दडलेले, कपाळावरच्या केसांना वर्गातसुद्धा रोलर लावलेला. संजीवनीला हसू आलं. तिच्या वेळी वेण्यांना रिबिनी कोणत्या बांधायच्या यावरून असंच रामायण व्हायचं.

"कापणार नाही मी," ती म्हणाली. "आत दुमडून टीप मारते. उद्या उसवता आलं पाहिजे."

रश्मीने मान हलवली. कितीतरी दिवसांनी मुलीने आपल्याकडे काही मागितलं होतं.

दुसऱ्याच आठवड्यात रश्मीबरोबर नुरूल आली, मग शू टिंग, मग त्यांच्या आणखी मैत्रिणी. प्रत्येकीच्या पिशवीत एक स्कर्ट. संजीवनी पैसे घेत नसे. नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या डिपेंडंट पासवर असला धंदा करायचा नाही एवढं तिला ठाऊक होतं, आणि मनातही नव्हतं. ती शंकरपाळ्यांचा डबा मध्ये ठेवायची. मुली फरशीवर फतकल मारून बसायच्या, एकमेकींच्या बॅगांना लटकणाऱ्या बाहुल्या बघायच्या, एकमेकींचे रोलर काढून लावायच्या. "आंटी, मेक इट नॅरोअर!" "आंटी, माझा पण!" मशीन खडखडत राहायचं. मुली शुक्रवारी यायच्या, त्या दिवशी संजीवनी सकाळपासून मैदा मळायला घ्यायची.

रश्मी मात्र अशा वेळी आपल्या खोलीत जाऊन बसायची.

एकदा नुरूल म्हणाली, "आंटी, रश्मी वर्गात किती हसवते! सगळ्या टीचर्सच्या नकला करते. डिसिप्लिन मास्टरची तर अशी की पोट दुखतं."

संजीवनीचा पाय मशीनवर तसाच थांबला. घरात रश्मी हूं नि हां यापलीकडे बोलत नसे. मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर, तेही अर्धं. जेवताना संजीवनी म्हणाली, "नकला करतेस म्हणे छान. मला दाखव ना एखादी."

"हू टोल्ड यू?"

"नुरूल."

"तुला नाही कळणार, आई. तू त्यांना ओळखत नाहीस." रश्मीने ताट उचलून सिंकमध्ये ठेवलं.

त्यानंतर संजीवनी मुलींना काहीबाही विचारू लागली. रश्मी डब्यातलं खाते का, कुणाशी भांडते का, वर्गात कुठे बसते. लेकीची खबर तिला अशी दुसऱ्यांच्या लेकींकडून मिळायची.

मग शाळेत तपासणी झाली. बाईंनी मुलींना रांगेत उभं केलं, स्कर्ट गुडघ्याला टेकतो का ते पाहिलं. एकीने भीतीने सांगून टाकलं, "रश्मीची आई करून देते." त्याच दुपारी बाईंचा फोन आला. बाई अगदी नम्रपणे बोलल्या, पण संजीवनीचे कान तापले. ती फक्त "सॉरी, सॉरी" म्हणत राहिली.

रश्मी घरी आली ती रडवेली. "माझ्या एकटीचा करायचा होता! सगळ्यांचे का केलेस?"

"त्या तुझ्याच मैत्रिणी ना गं?"

"त्या तुझ्याकडे यायच्या, आई. माझ्याकडे नाही."

संजीवनीने मशीनवर कव्हर घातलं.

मुली शेवटच्या आल्या त्या टाके उसवून घ्यायला. शिवणीच्या आत जास्तीच्या कापडाची माया भरपूर सोडलेली होती, त्यामुळे सगळे स्कर्ट जसेच्या तसे परत झाले. फक्त जुन्या घडीची एक फिकी रेघ राहिली. ती तिने इस्त्रीने घालवायचा प्रयत्न केला. नुरूलने तेवढी शंकरपाळी खाल्ली आणि जाताना तिचा हात दाबला.

दिलीपचं जहाज बंदराला लागलं तेव्हा फोन झाला. संजीवनीने सगळं सांगितलं. "बरं झालं, डोक्याचा ताप गेला," तो म्हणाला आणि इंजिनाच्या कुठल्याशा दुरुस्तीबद्दल सांगू लागला. तिने ऐकून घेतलं.

पुढे तिने कम्युनिटी क्लबमधल्या गोधडीच्या वर्गात नाव घातलं. तिथल्या म्हाताऱ्या बायका मँडरिनमध्ये बोलतात. तिला जागा करून देतात, कात्री पुढे करतात, तिच्या बारीक टाक्यांवरून बोट फिरवतात. एवढंच. पण मंगळवारी ती जाते.

मुलींची फॅशन तोवर बदललीही होती. आता स्कर्टचं कुणाला काही नव्हतं. एवढ्या उकाड्यात सगळ्या ढगळ काळं जॅकेट घालू लागल्या, बाह्या बोटांच्याही पुढे गेलेल्या. ते दुकानातून जसंच्या तसं आणायचं असतं, त्यात शिवायचं काही नाही. रश्मीनेही आणलं. आईला विचारलं नाही, पण घरी आल्यावर घालून दाखवलं. "छान दिसतंय," संजीवनी म्हणाली, आणि ते खरंच छान दिसत होतं.

सकाळी रश्मी गेली की ती स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहते. खाली बसस्टॉपवर मुलींचा घोळका जमतो. सगळ्यांची जॅकेटं सारखीच, सगळ्यांच्या माना फोनमध्ये. वरून बघताना त्यातली आपली कोणती ते तिला ओळखू येत नाही. बस येते, घोळका आत चढतो, आणि स्टॉप रिकामा होईपर्यंत ती तिथेच उभी असते.