आश्चर्याची तालीम

“मुलांना कळलं नाही तरी चालेल, पण आश्चर्य वाटलेलं दिसलं पाहिजे,” असं सर एकदा शिक्षकखोलीत सगळ्यांदेखत म्हणाले.

म्हणाले तेव्हा ते चहात बिस्किट बुडवून ते मऊ पडायची वाट बघत होते. समोर गणिताच्या बाई पेपर तपासत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, “सर, हे फाटकावर रंगवून घ्या. इतकं खरं या शाळेत आजवर कुणी बोललेलं नाही.”

सर हसले. टोमणा त्यांना लागतच नसे. मेणकापडावर पाणी पडावं तसा तो अंगावरून घरंगळून जाई आणि बाजूला बसलेल्याला ओलं करी.

नोकरीने ते जीवशास्त्राचे शिक्षक होते, पण त्यांचा जीव होता स्नेहसंमेलनातल्या नाटकात. दर वर्षी ते एक नाटक बसवत, आणि त्यात एक मूल अगदी टाळ्यांच्या आधी रडे. ना थोडं आधी, ना थोडं नंतर. मुलं त्यांना ‘दिग्दर्शक’ म्हणत. अंगाने उंच, केस काळे केलेले, बोटं लांब. ती बोटं सतत कुणाला तरी थोडं डावीकडे सरकवत असायची. गणिताच्या बाईंचं म्हणणं होतं की हा माणूस कुणाच्या अंत्ययात्रेला गेला तरी रडणाऱ्यांना पुढे आणि बघ्यांना मागे उभं करील. वर्गात मात्र ते फळ्यावर हृदयाची आकृती काढत आणि पाठ्यपुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं म्हणत. मुलं ते लिहून घेत. दोन्ही बाजूंना झोप लागत असे, पण कुणाची तक्रार नसे.

अशा शाळेत अनुभव कक्ष आला.

आधी ते ग्रंथालय होतं. पुस्तकं क्रीडासाहित्याच्या खोलीत, फुटक्या फुटबॉलांच्या शेजारी नेऊन रचली. भिंतींना निळा रंग दिला, खाली गालिचा टाकला, एका भिंतीवर मोठा पडदा लावला. कंपनीचा माणूस आला. त्याने एका पेटीतून जाड काळे चष्मे काढले. डोळ्यांवर चढवले की माणूस म्हणे रक्तवाहिनीत शिरतो, ज्वालामुखीत उतरतो, समुद्राच्या तळाशी फिरतो. “आता मूल धडा वाचणार नाही, धड्यात राहायला जाईल,” असं तो म्हणाला. संस्थेचे अध्यक्ष इतके खूश झाले की त्यांनी तिथल्या तिथे दिग्दर्शकसरांना पुढे ढकललं. “लावा सर, तुम्हीच लावा पहिल्यांदा.”

सरांनी चष्मा लावला. पायाखालची जमीन गेली. काहीतरी लाल, ओलं आणि प्रचंड त्यांच्या अंगावर धावून आलं. त्यांनी डोळे गच्च मिटले आणि चष्मा निघेपर्यंत उघडलेच नाहीत. मग “अप्रतिम!” असं म्हणून ते सावकाश, रुबाबात कक्षाबाहेर गेले आणि मुलांच्या स्वच्छतागृहात जाऊन पोटातलं सगळं ओकून आले. त्या चष्म्याच्या आत नेमकं काय असतं, हे त्यांनी पुन्हा कधी पाहिलं नाही.

हे फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होतं.

“मग सांगून टाका ना की तुम्हाला गरगरतं,” ती म्हणाली.

“सांगतो. आणि मग कक्षाचा प्रमुख दुसऱ्याला करतील. मोठ्या बाई निवृत्त होतायत. अध्यक्ष काय म्हणाले ठाऊक आहे? तपासणीच्या दिवशी कक्ष गाजला की मुख्याध्यापकाची खुर्ची तुमची.”

“मागच्या वेळीही असंच म्हणाले होते.”

मागच्या वेळी खरंच तसं म्हणाले होते. सरांनी नवा कोटही शिवून घेतला होता, आणि मग अध्यक्षांनी मुख्याध्यापिका म्हणून बाहेरून मोठ्या बाई आणल्या. कोट कपाटात लटकत राहिला. त्यातच बायकोचा धाकटा भाऊ, ज्याला सरांनी एकेकाळी बेडकाचं पोट फाडायला शिकवलं होतं, तो दुसऱ्या एका शाळेत मुख्याध्यापक झाला. घरी आला की पायावर पाय टाकून विचारायचा, “काय भाऊजी, अजून वर्गावरच?”

“या वेळी नाही झालं,” सर म्हणाले, “तर मी कायमचा वर्गावरच मरणार.”

“वर्गावर मेलात तर मुलांना कळेल तरी का?” बायको म्हणाली आणि कुकरकडे वळली. ती दुष्ट नव्हती. तिला फक्त त्यांची नाटकं पाठ झाली होती.

तपासणीची तारीख ठरली आणि तालमी सुरू झाल्या. अडचण एकच होती. चष्मे शाळेत नव्हते. मुलांच्या हातून ओरखडे पडतील म्हणून अध्यक्षांनी पेटी स्वतःच्या घरी, दिवाणखान्यातल्या कपाटात ठेवली होती. ती तिथे नुसती पडून होती असं मात्र नाही. अध्यक्षांची नातवंडं रोज संध्याकाळी सोफ्यावर बसून समुद्रात उतरत. पाहुणे आले की चहाच्या आधी त्यांना देवमासा दाखवण्यात येई. त्या शहरात या नव्या शिक्षणपद्धतीचा लाभ आतापर्यंत कुणाला झाला असेल तर तो अध्यक्षांच्या व्याह्यांना.

शाळेत मुलांना मिळाली चष्म्यांची रिकामी खोकी. सरांनी त्यांना सुतळी बांधून घेतली. पुढच्या रांगेतली मुलं खोकी तोंडावर बांधून बसत. आत पुठ्ठ्याचा वास आणि स्वतःचाच गरम श्वास. मागच्या रांगांनी कोऱ्या पडद्याकडे बघायचं. सर मधे उभे राहून हृदयाचं वर्णन करत. त्यांनी ते कंपनीच्या माहितीपत्रकावरून बसवलं होतं.

“आपण आता उजव्या अलिंदात शिरतोय. केवढी मोठी खोली!... इथे काय म्हणायचं?”

“बापरे!” खोक्यांमधून आवाज.

“सगळे एकदम नाही रे! आश्चर्य असं कवायतीसारखं येतं का? आधी या बाजूने एक जण. मग दोघंतिघं. मग सगळे. आणि मान वर. खिडकीजवळची, तुझी मान वर कुठे आहे?”

“सर, मान वर केली की खोकं पडतं.”

“पडू दे. आश्चर्यात माणसाला खोक्याचं भान नसतं.”

एका मुलीने विचारलं, “सर, पण अलिंद खरंच एवढा मोठा असतो का? पुस्तकात तर...”

“प्रश्न नंतर. आधी थक्क हो.”

खूण ठरली होती. सरांनी खिशातून रुमाल काढला की सर्वात मोठं आश्चर्य. तेव्हा झडप उघडणार होती. काही दिवसांतच मुलं अशी तयार झाली की सर शिंकायला रुमाल काढत आणि अख्खा वर्ग “अहाहा!” करी.

मोठ्या बाई एकदा दारात उभ्या राहून तालीम बघून गेल्या. आपल्या वाचायच्या चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळत त्यांनी एवढंच विचारलं, “सर, त्या यंत्रात हे सगळं याच क्रमाने येतं ना?”

“बाई, हृदय आहे ते. त्याचा क्रम कसा बदलेल?”

तपासणीच्या दिवशी कोट कपाटातून बाहेर आला. पाठीत जरा घट्ट झाला होता. अध्यक्ष पेटी घेऊन आले, पण उशिरा. नातवंडं सकाळी सोडायलाच तयार नव्हती. चालू कसं करायचं ते कंपनीच्या माणसाने फोनवरून सांगितलं होतं: मुख्य चष्म्यात जे दिसेल तेच बाकीच्या सगळ्या चष्म्यांत आणि पडद्यावर दिसेल. मुख्य चष्मा वर्गातला एक धीट मुलगा लावणार आणि सर पडद्यासमोर छडी घेऊन बोलणार, असं ठरलं होतं.

तपासणीला आलेल्या बाई प्रसन्न चेहऱ्याच्या होत्या. अनेक शाळा पाहून आल्यामुळे त्यांची मान आपोआप हलत होती. त्या म्हणाल्या, “नाही नाही, मुख्य चष्मा सरांनीच लावावा. शिक्षकच मार्गदर्शक असला पाहिजे. तेच तर बघायला आलोय आम्ही.”

“वा! लावा सर,” अध्यक्ष म्हणाले.

सरांनी चष्मा हातात उलटसुलट करून पाहिला. मग त्यांना आठवलं की डोळे मिटता येतात. सगळं पाठ होतं. त्यांनी चष्मा चढवला, पट्टा आवळला आणि आतल्या आत डोळे घट्ट मिटून घेतले. कुणीतरी कळ दाबली. कानात खोल, जड घुमण्याचा आवाज सुरू झाला. तो त्यांना रक्ताचा वाटला.

पडद्यावर निळं पाणी पसरलं.

“आपण रक्ताच्या एका थेंबाबरोबर निघालो आहोत,” सर भरदार आवाजात म्हणाले. “घाबरू नका. हा पाहा उजवा अलिंद. केवढी मोठी खोली!”

“बापरे!” आधी एका बाजूने, मग दोघंतिघं, मग सगळे. पुढच्या रांगेतल्या मुलांच्या डोळ्यांवर आज खरे चष्मे होते आणि त्यांनाही समुद्रच दिसत होता. त्यांच्या माना ठरल्याप्रमाणे वर गेल्या. आज पडायला खोकी नव्हती.

चंदेरी माशांचा थवा पडदाभर पसरला आणि वळला.

“या लाल पेशी. बघा, कशा एकमेकींना ढकलत चालल्या आहेत! एकीलाही क्षणाची उसंत नाही. तुमच्या माझ्या जन्मापासून या अशाच धावतायत.” इथे सरांचा आवाज किंचित कापला. तो कापायचा असंच बसवलेलं होतं.

तपासणीच्या बाईंची मान हलायची थांबली. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, मग मोठ्या बाईंकडे पाहिलं. मोठ्या बाई आपल्या नखांकडे बघत होत्या. अध्यक्षांच्या कपाळावर घाम आला. पाण्याच्या खोल अंधारातून एक काळा डोंगर सावकाश जवळ येत होता, आणि तो कोण आहे हे त्यांना घरच्या माणसाइतकं चांगलं ठाऊक होतं.

“आणि आता,” सरांनी चाचपडत खिशातून रुमाल काढला, “आता श्वास रोखून धरा. ही झडप. आत्तापर्यंत बंद होती. पाहा, ती उघडतेय!”

देवमाशाने तोंड उघडलं.

“अहाहा!” वर्ग म्हणाला. इतकं एकजीव आश्चर्य त्या कक्षात पूर्वी कधी झालं नव्हतं. मागच्या रांगेतल्या एका मुलीने तर छातीवर हात ठेवला. तो तिचा तिने घातलेला बारकावा होता.

सरांनी चष्मा काढला. केस विस्कटले होते, डोळे अजून मिटलेलेच होते. ते उघडून त्यांनी आधी पाहुण्यांकडे पाहिलं, टाळ्यांसाठी.

“सर,” तपासणीच्या बाई जपून म्हणाल्या, “तुम्ही आत्ता जे दाखवलंत ते...”

“रूपक!” अध्यक्ष जवळजवळ ओरडले. “मॅडम, रूपक आहे हे. हृदय म्हणजे समुद्र. शरीरात किती पाणी असतं बघा! आमच्या सरांची खास पद्धत आहे ही. दोन विषय एका दमात.”

तपासणीच्या बाईंचा चेहरा हळूहळू उजळला. मान पुन्हा हलू लागली. “म्हणजे जीवशास्त्र आणि भूगोल एकत्र? अहो, हेच तर आम्ही सगळ्या शाळांना सांगून थकलो. आणि मुलांचा प्रतिसाद तर काय! मुलं सरांशी किती एकरूप झाली आहेत.”

“सर,” मोठ्या बाईंनी सगळ्यांच्या मधून शांतपणे विचारलं, “डोळे उघडे होते ना तुमचे?”

“असं काय विचारता बाई!” अध्यक्षांनी सरांच्या खांद्यावर हात टाकला आणि दाबला. “मॅडमसमोर सांगतो, ही शाळा आता सरांच्याच हातात द्यायची आहे. तुम्ही सांगून टाका, सर. रूपकच होतं ना ते? फक्त हो म्हणा.”

सरांना आयुष्यात एवढं छोटं वाक्य कधी कुणी दिलं नव्हतं. ते म्हणण्यासाठी त्यांनी तोंड उघडलंही. पण आपण कशाला हो म्हणतोय ते बघावं म्हणून त्यांची नजर पडद्याकडे गेली.

देवमासा आता वळला होता. त्याचा डोळा पडद्यावर आला होता, एकच, भोवती सुरकुत्या असलेला, कुठलीही घाई नसलेला. तो खोलीभर बघत होता. सर त्याच्याकडे बघत राहिले. त्यांचा जबडा जरा सैल पडला, हातातला रुमाल गळून गालिच्यावर पडला, मान वर गेली नाही, तोंडातून काही निघालं नाही. त्यांना आश्चर्य वाटत होतं. पण ते कुणी बसवलेलं नव्हतं, त्यामुळे खोलीतल्या कुणालाही ओळखू आलं नाही. मागच्या रांगेत दोन मुलं हसली. गणिताच्या बाई दारापाशी उभ्या होत्या, त्यांना वाटलं सरांना भोवळ येतेय. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

“सर?” अध्यक्ष म्हणाले. “मॅडम थांबल्या आहेत.”

सरांनी खांद्यावरचा हात बाजूला केला. कोटाचं बटण काढलं. मुलं गोंधळून त्यांच्याकडे बघत होती, हे कुठल्याच तालमीत नव्हतं. ते पुढच्या रांगेपाशी गेले, एका मुलाच्या डोळ्यांवर अजून तसाच राहिलेला चष्मा काढून त्यांनी त्याच्या मांडीवर ठेवला, गालिचा ओलांडला, आणि गणिताच्या बाईंच्या शेजारून दाराबाहेर पडले.